बिननावाच्या नावेची कहाणी

ऐका नावबाई, तुमची कहाणी. आटपाट नदी होती. अलीकडे गाव होतं, पलीकडे बाजार होता. काठी एक नावाडी, त्याची बायको आणि सहा वर्षांची लेक हौसा राहत होती.

एके वर्षी पुरात ओंडका वाहून आला. आंबा म्हणावा तर आंबा नाही, साग म्हणावा तर साग नाही. सुतारानं त्याची नाव घडवली. जाताना नावाड्याच्या बायकोला म्हणाला, "बाई, पाण्यात घालण्याआधी हिचं बारसं कर. घुगऱ्या वाट, कानात नाव सांग. नाहीतर ही उतेल, मातेल." नावाडी हसला. "अरे बाबा, नावेला नाव कशाला? नाव हेच तिचं नाव!" बाई म्हणाली, "करीन हो." मग सुगी आली, राहिलं. मग दिवाळी आली, राहिलं. मग विसरलं, आणि नाव तशीच पाण्यात घातली.

मग काय झालं? पहिल्या दिवशी नावेत कासार बसला. पैलतीरी सगळे उतरले, कासार उतरला नाही. बांगड्यांची माळ फळीवर राहिली. लोक म्हणाले, "आपल्या गावाला एखादा कासार हवा होता." दुसऱ्या दिवशी एक सुवासीण बसली. तिचा नवरा पलीकडे हात पुढे करून उभा होता. सगळे उतरले, हात रिकामा राहिला. त्यानं हाताकडे पाहिलं, डोकं खाजवलं, घरी गेला. तिसऱ्या दिवशी हौसा बसली.

संध्याकाळी बाईनं तीन भाकरी थापल्या. खाणारी दोघं. "तिसरी कुणाची हो?" "माझीच!" म्हणत नावाड्यानं खाऊन टाकली. दोरीवर एवढंसं पोलकं वाळत होतं. "हे कुणाचं?" "शेजारून उडून आलं असेल." मग बाईनं फणी घेतली, मांडी घातली, आणि पुढ्यात कुणी येऊन बसायची वाट पाहू लागली. कुणी बसलं नाही. फणी तशीच हातात राहिली. "अहो, आपलं कुणीतरी गेलंय." "कोण?" "तेच आठवत नाही."

चौथ्या दिवशी भर दुपारी तिला सुताराचं बोलणं आठवलं, तशी ती नावेपाशी गेली. वारा नव्हता, पाणी हलत नव्हतं, नाव हलत होती.

"आत कोण गं?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तेच मला ठाऊक नाही. म्हणून दुसऱ्यांची नावं घेते. कासाराचं घेतलं, सैल झालं. सुवासिनीचं घेतलं, ते लग्नात बदललेलं निघालं, खालून दुसरंच सुटून आलं. पोरीचं घेतलं, लहान पडलं."

"माझी पोर होती?" बाईनं नावेची कड धरली. "दे गं परत!"

"माझं बारसं कर. पण नाव नवं नको. कुणाच्या तरी आईनं लाडानं हाक मारलेलं हवं."

मग बाईनं हळदकुंकू आणलं, घुगऱ्या आणल्या. दोर धरून नाव पाळण्यासारखी हलवली, पाळणा म्हटला. एकदा वाकली, मागं सरली. दुसऱ्यांदा वाकली, मागं सरली. तिसऱ्यांदा वाकली, नावेच्या टोकाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि म्हणाली, "आवडाई." आपलं स्वतःचं होतं ते देऊन टाकलं.

नाव निवली. तळातून कासार उठला, सुवासीण उठली, हौसा उठली. "आई, भूक लागली गं!" कासार ओरडला, "माझ्या बांगड्यांना कुणी हात लावला?"

नावाडी धावत आला. बायकोकडे पाहून "अगं... अगं..." करीत राहिला. मग म्हणाला, "अगं, हौसाची आई!" गावही तेच म्हणू लागलं. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

मग एके दिवशी तिची आई माहेराहून आली. लेकीला पोटाशी धरलं. "तू माझी... तू माझी..." खूप वेळानं तोंडातून निघालं, "आवडाई!"

लेकीनं ओ दिली नाही. घाटावर नावेनं दोर ताणला, आणि रिकामी नाव म्हातारीच्या पायांशी येऊन उभी राहिली.

म्हणून बायांनो, नावेत पाय ठेवण्याआधी एकमेकींना नावानं हाक मारावी. ताई नको, वहिनी नको, अमक्याची आई नको. नावानं मारावी आणि नावानं ओ द्यावी. हौसा जशी घरी आली, तशी तुमची आमची माणसं घरी येवोत. तिच्या आईचं गेलं, तसं तुमचं आमचं न जावो. ही साठां वल्ह्यांची कहाणी पांचा वल्ह्यांत पैलतीरी सुफळ संपूर्ण.