धाकूचा नेम

फार वर्षांपूर्वी, कातळवेळ गावच्या होड्या अजून शिडावर चालत होत्या, तेव्हा त्या गावात धाकू गाबीत नावाचा बरचीवाला होता. बरची म्हणजे मासे मारायचा लांब भाला. धाकूची बरची कधी रिकामी येत नसे, असं म्हणतात.

एकदा हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्याचा मेव्हणा जिवा कमरेएवढ्या पाण्यात उतरून कपारीतले मासे हाकत होता. एक मोठा गोबरा मासा सळकन बाहेर आला. धाकूनं घाईत बरची फेकली, आणि ती जिवाच्या पोटरीतून आरपार गेली.

जिवा जगला, पण लंगडा झाला. जिवाची बायको, म्हणजे धाकूची बहीण मंजुळ, त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलली नाही.

पाऊस सुरू झाला. होड्या किनाऱ्यावर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारल्या. गाव निवांत झालं. धाकू मात्र खाडीत उतरला. तळाशी एक पांढरा शिंपला ठेवायचा आणि त्यावर बरची मारायची, एवढंच त्याचं काम. पाण्यातली वस्तू दिसते तिथं नसते, जरा खाली असते. ते 'जरा' किती, हेच त्याला हवं होतं. खांदा सुजला, तरी तो थांबेना. जेवताना घास खाली राहायचा आणि हात वर जायचा. झोपेतसुद्धा मूठ वळलेली असायची.

एकदा जिवा लंगडत काठावर आला.

"अरे, माजो पाय बरो झालो. तू कित्याक मरतंस?"

धाकू म्हणाला, "पाय बरो झालो. माजो हात खंय बरो झालो?"

श्रावण लागेपर्यंत तो उडत्या खंड्याची पाण्यावरची सावली टिपू लागला, असं म्हणतात. खाडीतले मासे त्याला ओळखून दुसऱ्या काठानं जात, असंही म्हणतात. पण धाकूला चैन नव्हती.

नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला आणि होड्या सुटल्या. जिवानं धाकूला ओढूनच होडीत बसवलं. खाडीच्या मुखाशी एक आडवी लाट आली. होडी कलली, नांगर घसरून पाण्यात गेला आणि त्याच्या दोराचा वेढा जिवाच्या पायाला बसला. जिवा नांगरापाठोपाठ तळाला गेला. दोराचं दुसरं टोक अजून होडीला बांधलेलंच नव्हतं. ओढायचं काय?

धाकू बरची घेऊन उभा राहिला. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मंजुळला एवढंच दिसलं, की नवरा बुडाला आणि त्याच्यावर भावानं बरची उगारली.

"दादा, नको!" ती किंचाळली. अडीच महिन्यांनी भावाशी बोललेला तिचा हा पहिला शब्द.

तेव्हा गढूळ दर्या घटकाभर काचेसारखा नितळ झाला, असं म्हणतात. जिवाचा घोटा आणि त्याखाली नांगरापर्यंत ताणलेला दोर दिसला, मध्ये जेमतेम चार बोटं जागा. मग धाकूनं दिसत होतं त्याच्या जरा खाली नेम धरला, आणि बरची सोडली.

दोर तुटला. जिवा बुडबुड्यासारखा वर आला.

गावानं धाकूला खांद्यावर घेतलं. पण दुसऱ्या सकाळी बघतात तर धाकू पुन्हा खाडीत. मंजुळ धावत गेली.

"दादा, आता तरी बस रे!"

"काल लागली ती कालची गे," तो म्हणाला. "आजची आज बघूक व्हयी."

तो म्हातारा होईपर्यंत रोज तिथं जात राहिला. शेवटी एका भरतीच्या सकाळी खाडीत शिरला तो परत आलाच नाही, असं म्हणतात.

खाडीतल्या त्या खोल डोहाला आज 'धाक्याची कोंड' म्हणतात. हंगामाआधी कातळवेळचे सगळे बरचीवाले तिथं उतरतात, पन्नास हंगाम बघितलेला म्हातारासुद्धा. घरी परतल्यावर बहीण दारातच अडवते आणि विचारते, "आजची मारलंस?" भाऊ "मारलंय" म्हणेपर्यंत ती त्याचं पान वाढत नाही.