मोठं की घरगुती

"...मग मोठं घेऊ की घरगुती, चाचा? एवढंच सांगा."

अय्यूबचाचा शिकलगार बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी फुंकणं थांबवलं नाही.

"परवा मुदत संपते," हेमांगी म्हणाली. "महिनाभर वापरून बघायला दिलंय. परवा बंद पडणार."

"काय बंद पडणार?"

"सॉफ्टवेअर, चाचा. फोटो दुरुस्त करायचं."

"असं होय..." चाचांनी बशी तोंडाला लावली.

तासगावातली चाळीस वर्षांची लग्नं, बारशी आणि साठीशांत्या चाचांच्या हाताखालून गेल्या होत्या. फोटो दुसऱ्यांनी काढायचे, निगेटिव्ह चाचांकडे यायची. खिडकीशी काच तिरकी लावून, सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं ते चेहऱ्यावरच्या सुरकुत्या भरत. नको ते पात्यानं खरवडून काढत. नवऱ्या मुलीच्या नाकावरची पुळी लग्नानंतर कुणाला आठवत नसे, ती चाचांच्या कृपेनं.

हेमांगी माळवदे एकोणीस वर्षांची असताना त्यांच्याकडे शिकायला आली. पहिले सहा महिने चाचांनी तिला नुसती पेन्सिलीची टोकं काढायला लावली. ती रडली, चिडली, दोनदा घरी निघून गेली आणि दोन्ही वेळा परत आली.

आता ती छत्तिशीची होती. बाजारपेठेत स्वतःचा स्टुडिओ होता. गेल्या वर्षी राज्य पातळीवरच्या स्पर्धेत तिच्या फोटोला पहिला नंबर मिळाला, तेव्हापासून तिच्या बोलण्याला जरा धार आली होती. गावात इतर कुणाला ती काही विचारत नसे. चाचांना मात्र विचारी. उत्तर कधीच मिळत नसे, तरी विचारी.

"दोन्ही एकाच कंपनीची आहेत," ती समजावू लागली. "मोठं आहे ते धंद्यातल्या लोकांचं. घरगुती आहे ते हौशी लोकांचं. पोराबाळांचे फोटो, सहलीचे फोटो, असलं."

"मोठ्यात काय असतं?"

"सगळं."

"आणि घरगुतीत?"

"थोडं."

"मग अडलंय कुठं?"

अडलं होतं खरं. त्या सगळ्यातलं निम्मंही तिनं महिनाभरात उघडून पाहिलं नव्हतं. पण स्पर्धा जिंकलेल्या बाईच्या संगणकावर हौशी लोकांचं सॉफ्टवेअर... शेजारच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्याला कळलं तर?

तिनं हे बोलून दाखवलं नाही. चाचांनी बशी खाली ठेवली, खुंटीवरची टोपी घेतली.

"चल. दाखव तुझं सगळं."

*

पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाइकं बसतात त्या स्टुलावर चाचा बसले. हेमांगीनं मोठं सॉफ्टवेअर उघडलं. एका फोटोतलं ढगाळ आभाळ निळं केलं. बंद डोळे उघडले. टक्कल पडलेल्या माणसाला केस आणले.

"या अल्ला," चाचा म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले. "त्याचं टक्कल परत कर बाई. तो ओळखीचा हाय माझ्या."

हेमांगीही हसली. तेवढ्यात दारातून हाक आली.

"हाईस का गं, पोरी?"

आक्काताई बिरनाळे. मणेराजुरी रस्त्याला त्यांची द्राक्षबाग. नवरा भूपाल वर्षापूर्वी गेला, आता वर्षश्राद्ध आलं होतं. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढून टेबलावर ठेवला.

पंचवीसेक वर्षांपूर्वीचा. घरी पहिला ट्रॅक्टर आला त्या दिवशीचा. झेंडूच्या माळा घातलेला ट्रॅक्टर, आणि त्याच्या मोठ्या चाकापुढं चौघं उभी. भूपाल, आक्काताई, थोरला धनपाल, धाकटा सुकुमार.

"ह्यो मोठा करून फ्रेम करायचाय," आक्काताई म्हणाल्या. "भिताडावर लावायला."

"करते की."

"आन् ह्याला काढ त्यातनं."

त्यांचं बोट धनपालवर होतं. सोळा वर्षांचा पोरगा, मधोमध उभा, तोंड उघडं. काहीतरी बोलता बोलता फोटो निघालेला.

धनपाल वाटणी मागून बेंगळुरूला गेला, हे गावाला माहीत होतं. चार वर्षं बोलणं नव्हतं. बाप गेला तेव्हा निरोप धाडला होता. तो आला नाही.

"नक्की ना, आक्काताई?" हेमांगीनं विचारलं.

"बापाला खांदा द्याला न्हाई आला. बापाच्या फोटूत कशाला पायजे?"

हेमांगीनं चाचांकडे पाहिलं. चाचा ट्रॅक्टरवरच्या माळा बघत होते.

तिनं फोटो स्कॅन केला. धनपालभोवती एक रेघ ओढली, एक बटण दाबलं. पडद्यावर एक निळी पट्टी सरकली... आणि धनपाल गेला. त्याच्या जागी ट्रॅक्टरचं चाक आलं. चाकावरच्या खाचा, खाचांत अडकलेला चिखल, सगळं जिथल्या तिथं. कुणीही सांगू शकलं नसतं की तिथं कधी कुणी उभं होतं.

"बघितलंत?" ती चाचांना म्हणाली. आवाजातला अभिमान तिला लपवता आला नाही. "हे मोठं."

चाचांनी मान हलवली. नुसतीच.

आक्काताई पडद्याजवळ आल्या. पदरानं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"मी कुनाकडं बघून हसाय लागलीया गं?"

हेमांगीनं पाहिलं. फोटोत आक्काताई मान वळवून, पदर तोंडाशी नेत, अगदी मनापासून हसत होत्या. चाकाकडे बघून.

"ते बदलता येतं," हेमांगी म्हणाली. तिनं आक्काताईंची मान समोर आणली. ओठ मिटवले.

"आन् ह्यांचा हात?"

भूपालचा हात धनपालच्या खांद्यावर होता. आता तो हवेत, चाकापाशी, कशावरच न टेकलेला असा राहिला होता. हेमांगीनं हात खाली घेतला.

मग दिसलं, की धाकटा सुकुमार भावाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून उभा आहे. सदरा गेला होता, मूठ राहिली होती. तिनं मूठ सोडवली, बोटं सरळ केली.

आता सगळं नीट झालं होतं. तीन माणसं एका चाकापुढं सरळ उभी होती, हात खाली सोडून, समोर बघत.

आक्काताई बराच वेळ बघत राहिल्या.

"चांगलं झालंय," त्या हळूच म्हणाल्या. "पन ही आमी न्हवं."

हेमांगीचे कान तापले. एवढं बारीक काम जिल्ह्यात कुणी करून दाखवलं असतं? ती काही बोलणार, तोच चाचा स्टुलावरून उठले. टेबलावरचा मूळ फोटो त्यांनी आक्काताईंच्या पुढ्यात सरकवला आणि आपला अंगठा धनपालवर ठेवला. पेन्सिल धरून धरून वाकडा झालेला, नखाशी काळा पडलेला अंगठा.

"असं पायजे तुला, आक्का?"

आक्काताई फोटोवर वाकल्या.

चाचांनी अंगठा उचलला.

"का असं?"

पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. घाई नव्हती त्यांना. पोरगा जात होता, येत होता. आला की आक्काताई फोटोत कुणाकडे तरी बघून हसत होत्या.

"काय म्हनला हुता त्यो तवा..." आक्काताई म्हणाल्या. "म्हनला, आई, आता बाबा तुला बी ट्रॅक्टरवरनं देवळात न्हेनार, शिनेमातल्या हिरवीनीगत." त्यांच्या तोंडाला हसू फुटलं आणि तिथंच थांबलं. "मेलं कारटं."

त्यांनी फोटो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला.

"ऱ्हाऊ दे आज. येते मी."

*

त्या गेल्यावर हेमांगी खुर्चीत धपकन बसली.

"चाचा, माझं काम चुकलं का त्यात?"

"न्हाई. लई सुंदर काम."

"मग तुम्ही अंगठा कशाला ठेवलात? मी एवढं केलं, आणि तुम्ही एका अंगठ्यात..."

"रागावलीस?"

"हो."

"रागाव. तुझा राग मला चालतो." चाचा पुन्हा स्टुलावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मीही काढलं होतं एकीला," मग म्हणाले. "तू यायच्या आधीची गोष्ट. एक माणूस आला. गाव सांगत नाही. पोरीनं पळून जाऊन लग्न केलं होतं. म्हणाला, घरच्या फोटोतनं हिला खरवड. माझा हात तेव्हा असा चालायचा... पातं घेतलं, निगेटिव्हवरनं पोरगी काढली, वर रंग भरला. दहा मिनिटं. जेवायच्या आधी काम संपलं. तो खूश, मी खूश."

"मग?"

"अकरा वर्षांनी परत आला. म्हणाला, मास्तर, ती परत आण."

हेमांगीचा हात माउसवर तसाच राहिला.

"पोरगी बाळंतपणात गेली होती. त्याच्याकडं तिचा दुसरा फोटो नव्हता. एकही नाही. होते ते त्यानंच जाळलेले."

"...तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? निगेटिव्हवर तिच्या जागी नुसता ओरखडा. मी पेन्सिल घेतली. नाक आठवलं ते काढलं, वेणी आठवली ती काढली. चार दिवस बसलो. त्याला दिलं. त्यानं बघितलं, म्हणाला, ही ती नव्हे."

बाहेर एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला.

"तरी घेऊन गेला," चाचा म्हणाले. "छातीशी धरून घेऊन गेला."

हेमांगीनं त्यांच्याकडे पाहिलं. सतरा वर्षं ती या माणसाजवळ बसत होती. ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती. तिला वाटलं, उठून त्यांचा तो वाकडा अंगठा हातात घ्यावा. पण चाचांना असलं काही चालत नसे. तिनं स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला. आलं जास्त घातलं, त्यांना आवडतं तसं.

*

दोन दिवसांनी मोठं सॉफ्टवेअर बंद पडलं. हेमांगीनं नवं काहीच घेतलं नाही. विचारणाऱ्यांना ती सांगे, ठरवतेय.

आठव्या दिवशी आक्काताई आल्या. तोच फोटो, तेच वर्तमानपत्र.

"मोठा कर. हाय तसाच कर."

"चौघंही?"

"चौघंबी."

"बरं."

त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आन् एक लहान काढ. पाकिटात मावंल असा."

"कुणासाठी?"

आक्काताई टेबलाशी परत आल्या. "पत्ता लिव." हेमांगीनं टेबलावरचा कागद ओढला, पेन उघडलं. आक्काताई भिंतीकडे बघत सांगू लागल्या. घर नंबर, मजला, बेंगळुरूतला कुठला क्रॉस, कुठला मेन रोड, जवळची खूण, शेवटी पिनकोडचे सहा आकडे. चार वर्षांत एकही पत्र न धाडलेल्या बाईला सगळा पत्ता तोंडपाठ होता.

"लिवलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव. चुकाय नको."

हेमांगीनं वाचून दाखवला. मग आत जाऊन उगाचच डोळ्यांवर पाणी मारून आली.

त्या दुपारी ती चाचांकडे गेली. पाकीट पोस्टात टाकलं होतं, ते सांगायचं होतं. चाचांनी ऐकलं. "बरं केलंस," म्हणाले. उत्तर येईल का, कधी येईल, काहीच विचारलं नाही त्यांनी. चाचांची बायको आत काहीतरी तळत होती, तो वास ओसरीवर येत होता.

हेमांगी जायला उठली. पण तिचा स्वभाव होता, तो कुठं जाणार?

"चाचा... ते राहिलंच की. मोठं घेऊ की घरगुती?"

चाचा हसले. पोपटी रंगाची शाल त्यांनी खांद्यावर सारखी केली.

"घरगुतीत माणूस काढता येतो का गं?"

"येतो. पण त्यात एका बटणावर नाही जात. बारका ब्रश घ्यायचा आणि तो माणूस कणाकणानं घासत बसायचा. आधी कान, मग केस, मग गाल. मागचं चाक आपणच उचलून आणून तिथं भरायचं." तिनं कपाळाला आठी घातली. "एका चेहऱ्याला अर्धा दिवस सहज जातो."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. फार मायेनं पाहिलं.

"म्हणजे अर्धा दिवस त्याच्याकडं बघावं लागतं म्हण की."