केरबानं गाव तपासलं

एका गावात एक भोळा केरबा होता. गावाचं नाव शेंडूरवाडी. भोळे तिथं आणखीही होते, पण केरबासारखा केरबाच. त्याला जे सांगाल ते तो करायचा, आणि नेमकं तेवढंच करायचा. एकदा आई "दाराकडं लक्ष ठेव" म्हणून बाजाराला गेली. परत येऊन बघते तर मांजरानं दुधाचं पातेलं साफ केलेलं, आणि केरबा दाराकडं बघत बसलेला.

त्याचा धाकटा भाऊ येशा मात्र पैलवान होता. त्याला सगळ्या गावानं पोसला होता. कुणी तांब्याभर दूध द्यायचं, कुणी वाटीभर तूप. कारण जत्रेतली चांदीची गदा बारा वर्षांपूर्वी शेजारच्या बोरतळ्याच्या पैलवानांनी नेली होती, ती काही परत यायचं नाव घेत नव्हती. गेल्या साली येशा जिंकता जिंकता खांदा धरून खाली बसला. एकानं त्याच्यावर पाणी ओतलं, एकानं कांदा हुंगवला, बाकीच्यांनी त्याला हवा मिळावी म्हणून गर्दी केली. गदा पुन्हा बोरतळ्याला गेली.

सरपंच म्हणाले, "यंदा प्रथमोपचार शिकलेला माणूस मैदानात पायजे म्हंजे पायजे."

शिकायला कोण जाणार? सगळ्यांना कामं होती. केरबा गेला.

उपकेंद्रातल्या मालन सिस्टरांनी पहिला धडा दिला. "माणसाला काय झालंय असं वाटलं की आधी मोठ्यानं हाक मारायची. बोलला तर शुद्धीवर. नाही बोलला तर बेशुद्ध. मग चौघं बोलवायची आणि उचलून इकडं आणायचा. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला. त्याला नेहमीच कळायचं.

श्रावणातला सोमवार होता. संध्याकाळी केरबा सरपंचांच्या घरी चाळण परत द्यायला गेला. सरपंचांची आई गोदाक्का उपास सोडायला पानावर बसली होती. श्रावणी सोमवारचं तिचं जेवण मुक्यानं असायचं. मध्ये बोललं की पानावरून उठायचं, असा नेम.

"आक्का, चाळण कुठं ठिऊ?"

आक्कानं कोनाड्याकडं बोट दाखवलं.

"आक्का! ओ आक्का!"

आक्कानं डोळे वटारले. पण बोलली नाही.

केरबानं बाहेर जाऊन चौघांना हाक मारली. "गोदाक्का बोलंना झालीया!"

गोदाक्का बोलत नाही म्हटल्यावर चौघांच्या पायाखालची जमीनच सरकली. असं कधी झालं नव्हतं. त्यांनी तिला घोंगडीत घातली आणि उचलली. आक्कानं ताट सोडलं नाही. उपकेंद्र येईपर्यंत तिनं घोंगडीतच भात संपवला, पायरीवर हात धुतला, आणि मग अर्धा तास बोलली. चौघंही खाली मान घालून उभे होते. केरबा मात्र खूश झाला. आक्का शुद्धीवर आली होती.

"अरे देवमाणसा," सिस्टर म्हणाल्या, "ती हालत होती की! माणूस हलतोय, ओरडतोय, तर त्याच्यात धुगधुगी आहे. घाबरायचं नाही."

"कळलं."

सुगीच्या दिवसांत शेताच्या बांधावर नामा एका पायावर उड्या मारत होता. त्याला विंचू चावला होता. "मेलो, मेलो!" म्हणून तो बोंब मारत होता. केरबा थांबला. त्यानं नीट पाहिलं. नामा हलत होता. ओरडतही होता.

"नामदेवा, घाबरू नगंस. झ्याक हैस तू," केरबा म्हणाला आणि पुढं गेला.

वाटेत नामाची बायको भेटली. तिनं विचारलं, "आमचं धनी दिसलं का?"

"दिसलं की. लई खुशीत हाईत. नाचाय लागल्यात."

नामाचा पाय पोटरीपर्यंत सुजला. दोन दिवस तो उपकेंद्राच्या खाटेवर होता आणि दोन्ही दिवस केरबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "केरबा, नुसतं बघून चालत नाही रे. विचारावं. काय झालं, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय. पुरतं विचारून घ्यावं, मग हात लावावा."

"कळलं."

पौषात दत्तूतात्या कडब्याची गाडी घेऊन येत होते. उतारावर खाली उतरले, बैल एक पाऊल मागं सरले आणि चाक तात्यांच्या पायावर येऊन थांबलं. केरबा तिथूनच चालला होता.

"केरबा, बैल म्होरं घे!"

"घेतो की. आदी सांगा, काय झालं?"

"पाय घावला चाकाखाली!"

"कदीपास्नं?"

"आत्ता, मुडद्या!"

"आनि कुठं दुखतंय?"

तात्यांचं वय बहात्तर. असं आपुलकीनं आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं. चाकाखाली पाय असतानाही त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तसं कंबर बी दुखतीया." मग गुडघे झाले, दाढ झाली, थोरल्या सुनेचा स्वभाव झाला. केरबानं सगळं विचारलं आणि मगच बैल पुढं घेतले. अंगठा जो गेला तो गेलाच.

आता जत्रा चार दिवसांवर आली होती. सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या. त्यांनी एकेक शब्द ठोकून सांगितला. "हे शेवटचं. पालथा पडलेला माणूस दिसला, हालत नाही, बोलत नाही, तर एक प्रश्न विचारायचा नाही. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, अलगद उताणा करायचा आणि श्वास चालू आहे का बघायचं. कोण काय ओरडतंय तिकडं ध्यान द्यायचं नाही."

"कळलं," केरबा म्हणाला. आणि खरंच कळलं होतं.

जत्रेच्या दिवशी मैदानाला दोन हजार माणूस होतं. शेवटची जोड लागली, शेंडूरवाडीचा येशा आणि बोरतळ्याचा भीमा. पंधरा मिनिटं दोघं झुंजले. मग भीमानं येशाला खाली घेतला आणि वर बसला. येशा शहाणा. तो मातीला पोट लावून पसरला आणि गप्प पडून राहिला. पाठ मातीला लागू द्यायची नाही, भीमाला दमवायचं आणि तो ढिला पडला की उसळायचं. भीमा दमतही आला होता. गोदाक्कानं देव पाण्यात घातले होते. नामा आणि दत्तूतात्या सगळा राग विसरून एकमेकांच्या गळ्यात हात घालून बसले होते.

केरबा प्रथमोपचाराची पिशवी घेऊन कडेला उभा होता. त्यानं पाहिलं. भाऊ पालथा. हालत नाही. बोलत नाही.

त्याचा जीव कासावीस झाला. सख्खा भाऊ होता तो. तो धावत कुस्तीच्या हौद्यात शिरला.

"केरबा, माघारी फीर!" सगळं गाव ओरडलं. कोण काय ओरडतंय तिकडं त्यानं ध्यान दिलं नाही.

"बाजूला व्हा पैलवान, आजारी मानूस हाय."

पिशवीवरचा तांबडा शिक्का बघून भीमा घाबरून उतरला. अंगावरचा भार गेला तसा येशानंही अंग सैल सोडलं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली. भीमाला पंधरा मिनिटांत जमलं नाही ते केरबानं अलगद केलं. येशाचे दोन्ही खांदे मातीला टेकले. भीमा काही केरबा नव्हता. त्यानं पटकन येशाच्या छातीवर हात ठेवला.

पंच केरबाकडं नि येशाकडं आळीपाळीनं बघत राहिले. "तुमचाच मानूस, तुमचाच पैलवान," ते शेवटी म्हणाले आणि त्यांनी शिट्टी मारली.

गदा तेराव्या वर्षी बोरतळ्याला निघाली.

केरबानं येशाच्या छातीला कान लावला. "श्वास चालू हाय!" तो आनंदानं ओरडला आणि त्यानं शाबासकीसाठी वर बघितलं.

कुणी बोललं नाही. कुणी हललं नाही. सरपंचांचं तोंड उघडं ते उघडंच होतं. गोदाक्कासुद्धा गप्प होती, आणि आज सोमवार नव्हता.

केरबानं हाक मारली, "सरपंच! आक्का! तात्या!"

एक नाही की दोन नाही.

मग केरबानं बाह्या मागं सारल्या आणि मांडवात बसलेल्या सिस्टरांना ओरडून विचारलं, "अवो सिस्टर, हिकडं आख्खं गाव बेशुद्ध झालंया. पन ही सगळी बसल्यात. ह्यास्नी आदी पालथं घालू, का सरळ उतानंच करू?"