शेवंताबाईंचा नंबर

कऱ्हाडचा टिपणीस डॉक्टरांचा डोळ्यांचा दवाखाना आठवला की आधी दारातला घारपुरे कंपाउंडर आठवतो. त्याच्या मर्जीशिवाय आत माशी शिरायची नाही.

गोधड्या शिवणाऱ्या शेवंताबाईंना सुईत दोरा ओवता येईना. नात बाळंत व्हायची होती, बाळाची दुपटी अडली होती. पण प्रत्येक खेपेला घारपुरे मान वर न करता सांगायचा, "तुम्हाला नंबर नाही, आजी."

एकदा शेवंताबाई बाकावरच्या पेशंटांकडे वळल्या. "ऐकलंत? यांनी डोळ्यांत न बघताच नंबर नाही म्हणून सांगितलं. तुम्हीही इथंच विचारा, डॉक्टर कशाला हवेत?"

हशा ऐकून डॉक्टर बाहेर आले आणि बाईंना आत घेऊन गेले.

घारपुऱ्यानं मात्र 'नंबर' शब्दाचा धसकाच घेतला. पुढे कित्येक वर्षं तो म्हाताऱ्यांना हाक मारायचा, "चला आजोबा, तुमची वेळ आली."