चाकथांब

चाकथांबाच्या पुढे चाक न्यायचे नाही आणि का न्यायचे नाही, हे विचारायचे नाही. वेळेगावच्या वरच्या आळीतल्या पोरांना हे चालायला लागण्याआधीच कळते. चढणीच्या तोंडाशी हा पोट सुटलेला काळा दगड उभा आहे. रिक्षा, हातगाडी, सायकल, सगळे इथेच थांबते.

अक्षताला लहानपणी याची मौज वाटे. मग आईचा पाय लुळा पडला. शेजारी तिला खुर्चीत बसवून, उचलून खाली दवाखान्यात नेत. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. आईनेच एक दिवस सांगून टाकले, की माणसांच्या खांद्यावर बसून जायची लाज वाटते, आता मी जाणार नाही. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती.

म्हणून नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभ्या राहिलेल्या सुमेधा गुरव वरपर्यंत छोटी बस आणि कठड्याचा सपाट पायरस्ता करू म्हणाल्या, तेव्हा अक्षता त्यांची पत्रके घेऊन दगडापाशी उभी राहू लागली.

त्या सकाळी तिचे चुलत आजोबा, देवस्थानाचे पंच भाऊआजोबा, दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना दगडाची कथा सांगत होते. बाकीचे पंच पारावर बसले होते.

फार पूर्वी गावदेवी जाखाई रथातून टेकडीवर जाई, म्हणे. एका वर्षी ऐन चढणीत दोर तुटला आणि रथ मागे घसरू लागला. मागे जत्रेची माणसे दाटलेली. तेव्हा गोदू नावाच्या कुंभारणीने स्वतःला चाकाखाली झोकून दिले. रथ थांबला, गोदू गेली. असे सांगतात, की देवी तिथेच रथातून उतरली आणि अनवाणी चढण चढून गेली. पुन्हा चाकावर बसणार नाही, असा तिने शब्द दिला. गोदू पडली त्या जागी हा दगड उगवला.

"आजही याच्यापुढे चाक जात नाही," भाऊआजोबांनी हात जोडले. पाहुण्यांनी दगडाला हळद लावली.

मग ते अक्षताकडे वळले. "ती पत्रकं ठेव इथं, बाळ. आळीचं मत पंचांनी ठरवलंय. गुरवबाईंना म्हणावं, बस खाली बाजारात फिरवा."

"कॉलेजात हेच शिकवलं वाटतं," पारावरून एकजण म्हणाला, "देवीला तिकीट काढायला लावायचं." सगळे हसले.

"आणि तुझ्या आईला उचलून न्यायला आम्ही नाही का?" भाऊआजोबा म्हणाले.

"तुम्ही उचलता, म्हणूनच ती घरात बसलीये," अक्षता म्हणाली. "देवी स्वतः उतरली, आजोबा. तिनं दुसऱ्या कुणाला उतरवलं नाही. पत्रकं मी ठेवणार नाही. घरोघरी वाटणार, आणि माझं मतही गुरवबाईंनाच."

पाहुण्यांदेखत तिने एक पत्रक आजोबांपुढे धरले. भाऊआजोबांनी पाराकडे पाहिले. पंच खाली मान घालून बसले होते.