पोवळीची चुंबळ

बसा जरा बांधावर. चढ दमवतो माणसाला. इथून समोर दिसतं ते मुरवडीचं तळं, आणि तुमच्या उजव्या हाताला ही नुसती दगडी चौकट उभी आहे ती जुनी कोठी. हिला दार नाही. कधीकाळी होतं, सागवानी, लोखंडी पट्ट्यांचं.

खालून येताना गाळ वाहणाऱ्या बाया तुम्हाला दिसल्या असतील. पाटी फुटकी, लुगडं विटलेलं, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. पण पाटीखाली डोक्यावर जी चुंबळ असते, ती मात्र जरीची. मुरवडीत नवं लुगडं घरात आलं की नेसण्याआधी त्याच्या पदराची हातभर पट्टी फाडतात आणि तिची चुंबळ वळतात. परगावची माणसं हसतात. चांगल्या पदराचं वाटोळं केलं म्हणतात. आणि दसऱ्याला इथल्या बाया नथ, शालू, गजरा असा सगळा साज करून आधी तळ्यावर येतात, गाळाची एक पाटी डोक्यावरून बांधावर टाकतात, मग घरी जाऊन नैवेद्य दाखवतात. शालूला चिखल लागतो. लागू देतात.

हे असं का, त्याची गोष्ट सांगतात ती अशी.

फार मागे या गावाला पाणी नव्हतं. दोन कोसांवरून कावडीने आणायचं. पण सण मात्र गाव मनापासून करायचं. गुढीला, बेंदराला, दसऱ्याला माणसं अशी नटायची की वाटेने जाणारा थांबून बघायचा. एकदा गावचा मोकदम हैबतराव शेजारच्या गावी लग्नाला गेला. पंगतीत कुणीतरी त्याच्या जरीच्या फेट्याकडे बघून म्हणालं, "मुरवडीकरांना पाणी जपून वाढा रे. घरी फेटा पिळून पितात बिचारे." पंगत हसली. मोकदम पानावरून उठला. तसाच चालत गावी आला आणि देवीसमोर त्याने शपथ घेतली, की तळं खोदून पाण्याने काठोकाठ भरेपर्यंत मुरवडीत सण होणार नाही. ढोल वाजणार नाही, पुरण शिजणार नाही, कुणाच्या अंगाला नवं कापड लागणार नाही. ज्या दिवशी तळं भरेल, त्या दिवशी राहिलेले सगळे सण एकदम करू.

मोकदमाने जुलूम केला असं कुणी म्हणू नये. त्याने आपला फेटा सगळ्यात आधी आणून ठेवला. आणि गावानेही आनंदाने मान डोलावली. चूक झाली ती तिथे. सुख साठवलं की धान्यासारखं पेवात राहतं, लागेल तेव्हा काढता येतं, असं त्या भल्या माणसांना वाटलं. बांध घालायचा होता त्या उंचवट्यावर ही कोठी बांधली आणि घराघरातून ठेवणीतले कपडे आले. शालू, उपरणी, पोरांच्या कुंच्या, लग्नातल्या मुंडावळ्या. प्रत्येक घराचं गाठोडं वेगळं, गाठ वेगळी. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली दिली सिदूकडे.

सिदू हा साधा, खाली मान घालून चालणारा माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणूनच त्याला निवडलं. त्याची बायको तान्ही. तिचा हिरवा शालू, लाल काठाचा, गावात एकच तसा. गाठोडं बांधताना पदराची जर मळू नये म्हणून तिने पदराचं टोक तांब्याच्या एका लहान तांब्यात कोंबलं आणि वर फडकं बांधलं. सिदू हसला होता. "काय गं, पदराला पाणी पाजतेस का?" ती म्हणाली, "हसा. तळं भरलं ना, की सगळ्या गावात माझाच पदर उजळ निघंल." त्यांची मुलगी पोवळी तेव्हा चार वर्षांची होती. तिची कुंचीही त्याच गाठोड्यात गेली.

पहिल्या पावसात बांध फुटला. दुसऱ्या वर्षी पुन्हा उचलला. त्याच वर्षी तान्ही आजारी पडली. छातीत कफ भरला, अन्न उतरेना. शेवटाला तिने सिदूला जवळ बोलावलं. "शालू नुसता अंगावर घाला माझ्या. नेसवू नका. बघू द्या एकदा." किल्ली सिदूच्या कमरेलाच होती. तो मोकदमाकडे गेला. मोकदम म्हणाला, "सिदू, आज तुझ्या बायकोला दिलं तर उद्या कुणाला नाही म्हणू? सणाचं कापड सणालाच." सिदू परत आला आणि दारात बसून राहिला. तान्हीने दोनदा कमरेच्या किल्लीकडे पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं नाही. मातीने माखलेल्या लुगड्यातच तिला नेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, लोक खाली खणत असताना, सिदूने कोठी उघडली. शालूला हात लावून बंद करायची, एवढंच त्याच्या मनात होतं. गाठोड्याला हात लावला आणि हात आत गेला. वाळवी. सगळीकडे वाळवी. गाठी तेवढ्या जागच्या जागी होत्या, बाहेरून गाठोडी गाठोड्यांसारखी दिसत होती, आत माती. लेकरांच्या कुंच्या, उपरणी, मोकदमाचा फेटा, सगळ्याची सारखीच माती. तान्हीच्या गाठोड्यात तांब्या मिळाला. त्याच्यात पदराचं हातभर टोक होतं, कालच विणल्यासारखं.

सिदूने ते कमरेला खोचलं आणि कुलूप लावलं.

सांगायचं कसं? दिवस कलताना थकलेली माणसं घरी जाताना कोठीपाशी थांबायची. दारावर हात टेकून बोलायची. "ह्यात माझं पिवळं लुगडं हाय." "माझ्या धोत्राला हातभर काठ हाय, म्हाईत हाय का?" तेवढं बोललं की त्यांची पाठ सरळ व्हायची. सिदू ऐकायचा आणि मनात म्हणायचा, उद्या सांगू. मग दोन वर्षं पाऊसच झाला नाही. मग पुन्हा बांध खचला. अशी पाच वर्षं त्याचं उद्या काही उजाडलं नाही, आणि गाव मातीसाठी माती वाहत राहिलं.

पोवळी अकरा वर्षांची झाली. तिला सण माहीतच नव्हता. खणताना मोठ्या बाया बोलायच्या ते ती ऐकायची. एकदा भाकरी खाताना तिने विचारलं, "बाबा, सण म्हंजी कसा असतो?"

सिदूने भाकरीचा तुकडा मोडला. "सण म्हंजी... उद्या सांगतो."

"तुमी सारखं उद्या म्हंता."

"खा गप."

त्या उन्हाळ्यात तिच्या डोक्याला जखम झाली. चुंबळ म्हणून गोणपाटाचं एक जुनेर होतं, त्याच्या दशा होऊन गेल्या होत्या. पाटीचा काठ डोक्यात रुतायचा. पोर रडायची नाही, पण पाटी उचलताना डोळे घट्ट मिटायची. ते सिदूला बघवेना. एका सकाळी त्याने तान्हीच्या पदराचं टोक काढलं, त्याची चुंबळ वळली, वरून गोणपाट गुंडाळलं. "हे डोक्यावर ठेव. वरचं काढू नको, कुणाला दाखवू नको."

"आत काय हाय?"

"तुझी आय हाय."

पोवळी त्या दिवशी निराळी चालली, असं सांगतात. मान ताठ, पाऊल हलकं. बायांच्या नजरेतून ते सुटेल कसं? कासाई म्हणून एक थोराड बाई होती, तिने पोरीला झाडाखाली धरलं. "काय गं भवाने, राणीवानी चाललीस. डोक्यावर माती हाय का लोणी?" पोवळीने गोणपाटाचं एक टोक उचललं. हिरवं दिसलं, लाल दिसलं, जर चमकली. सात वर्षांत त्या बायांनी मातीशिवाय रंग पाहिला नव्हता. कासाईने आपली पाटी खाली ठेवली. तिने हात धुतले आणि त्या काठाला बोट लावलं. मग हळूच म्हणाली, "एक खेप मला देतीस?"

एक खेप कासाईने घातली, एक तिच्या जावेने, एक आणखी कुणी. चुंबळ या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरली. त्या दिवशी दुपारपर्यंत दोन दिवसांची माती निघाली म्हणे. मग एकीने ओवी धरली, दुसरीने उचलली. सात वर्षांनी मुरवडीत बाया गात होत्या.

गाणं ऐकून मोकदम आला.

तेव्हा चुंबळ पोवळीच्या डोक्यावर होती. मोकदमाने ती हातात घेतली आणि गोणपाट सोडलं. गाणं जागच्या जागी थांबलं.

"हे कोठीतलं आहे," तो म्हणाला. "देवीच्या शपथेवर ठेवलेलं. कुणी दिलं तुला?"

पोवळीने बापाकडे पाहिलंही नाही. "मला घावलं."

"कुठं?"

"वाटंत."

"आणखी कुणी हे डोक्यावर घेतलं?" मोकदमाने बायांना विचारलं. कासाई जमिनीकडे बघत राहिली. तिची जाऊ जमिनीकडे बघत राहिली. बाकीच्यांनी आपापल्या पाट्या उचलल्या.

"पोरीला सण हवा झालाय," मोकदम म्हणाला. "हिचा सण करू आपण. ते तिच्या कपाळाला बांधा, मुंडावळीसारखं. आणि तिला मधल्या खांबाला बांधा. चोर कोण ते सांगेल तेव्हा सोडा."

मधला खांब म्हणजे तळ्याच्या तळाशी, सगळ्यात खोल जागी उभा केलेला पाण्याचा मापखांब. तिथे तिला बांधलं. ऊन माथ्यावर होतं. जाता जाता कुणीतरी हसलं, "नवरी छान दिसतीया." हसणाराही मघापर्यंत ओवीला मान डोलावत होता.

सिदू बांधावर, कोठीच्या सावलीत उभा होता. एक शब्द पुरला असता. मी दिलं, एवढाच. पण त्याच्या मागोमाग दुसरा यायचा, की कोठी उघड, आणि काय काय गेलं दाखव. सात वर्षं राबलेली माणसं ती माती बघणार, आणि पाच वर्षं हा गप्प होता हे त्यांना कळणार. सिदूचे ओठ हलत होते. मोकदमाचा राग दिवस कलता कलता उतरेल, मग एकट्याला गाठून सांगू. पोर तेवढं सोसेल. तिच्या आईनेही सोसलं होतं.

ते वळवाचे दिवस होते. मुरवडीवर थेंब नव्हता. वर डोंगरात मात्र काळं झालं होतं आणि तिकडे कोसळत होतं. सूर्य अजून हातभर वर होता, तेव्हा ओढ्याकडून गडगडाट आला. बांधावरच्यांनी पाहिलं तर तांबडं पाणी झाडं-दगड ओढत तळ्यात शिरत होतं.

सिदू ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो एवढ्या मोठ्याने ओरडला. "पोरीला सोडवा! मी दिलं! कोठीत काय नाय! वाळवीनं खाल्लंय सगळं!"

पण पाण्याचा आवाज केवढा! आणि लोकांना ऐकायचं तरी काय होतं? तळं भरत होतं. सात वर्षांनी तळं भरत होतं. माणसं नाचत बांधावर चढली, एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि सगळी मिळून कोठीकडे धावली. सण आला होता. कुणी कुंची मागत होतं, कुणी शालू. सिदू खाली उतरायला वळला तर त्याला चहूबाजूंनी धरलं.

"किल्ली दे सिदूदादा! किल्ली!"

"माझी पोर..."

"आनू की पोरीला! आदी किल्ली दे!"

तो ढकलत होता, ती त्याला ढकलत होती, हसत होती. हसतच त्याच्या कमरेची किल्ली ओढून घेतली. कुलूप गंजलं होतं, उघडायला वेळ लागला. दार उघडलं, पहिलं गाठोडं हाताला लागलं, आणि आवाज हळूहळू बंद झाला. बाया ओंजळीत माती घेऊन उभ्या राहिल्या. जिने तिने आपली गाठ ओळखली होती. मोकदमाने फेट्याचं गाठोडं उचललं, ते त्याच्या बोटांतून गळून गेलं.

मग कुणाला तरी खांब आठवला.

सगळी वळली. तळं काठोकाठ भरलं होतं, शपथेत म्हटलं होतं तसंच. मधला खांब दिसत नव्हता. तांबड्या पाण्यावर एक हिरवी पट्टी तरंगत होती, लाल काठाची.

पोवळी सापडली नाही. सिदूला कुणी मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत, कोण देणार? मोकदम घरात गेला तो पुन्हा चावडीवर आला नाही. तिसऱ्या दिवशी सिदूने कोठीचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि तळ्यात ढकललं. काठाला लागलेल्या हिरव्या पट्टीचे दोरे दोरे सोडवले आणि प्रत्येक घरात एक दिला. कासाईच्या हातात दिला तेव्हा ती त्याच्या पायांवर पडली. तो म्हणाला, "माझ्या पाया पडू नको. उद्याच्या चुंबळीत घाल." पुढे तो पुष्कळ वर्षं जगला. याच दगडावर बसायचा आणि पाटी घेऊन जाणाऱ्या बाईच्या डोक्याकडे बघायचा. चुंबळ साधी दिसली की उठून तिची पाटी आपल्या डोक्यावर घ्यायचा, आणि ती घरून जरीची आणेपर्यंत तसाच उभा राहायचा.

तेव्हापासून मुरवडीत ठेवणीतलं असं काही नसतं. लग्नातलं लुगडं कामालाही येतं, आणि सणाच्या दिवशीही कामाची एक पाटी चुकत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधला खांब दिसतो. त्याला कुणी शेंदूर लावत नाही. बाया त्याला फक्त पाणी घालतात, प्यायला दिल्यासारखं.

आजही दसऱ्याला गावातली अकरा वर्षांची एक मुलगी या चौकटीत उभी करतात. ती मोठ्याने विचारते, "सण म्हंजी कसा असतो?" समोर जी सगळ्यात म्हातारी बाई असेल तिने लगेच उत्तर द्यायचं असतं. उद्या सांगते म्हणायची मुभा नाही. उत्तर दरवर्षी निराळं असतं. गेल्या दसऱ्याला आमची बायजाबाई होती, नव्वदीची, दिसत नाही तिला. ती चाचपडत पुढे झाली, आपली जरीची चुंबळ पोरीच्या डोक्यावर ठेवली, वर पाटी ठेवली आणि विचारलं, "टोचतंय का गं?"

पोर म्हणाली, "न्हाय."

"मग चल," म्हातारी म्हणाली.