तिन्ही खात्यांची हद्द

जहाजातून सांडलेलं तेल खाडीत शिरलं आणि ज्या शिंपल्या, म्हणजे तिसऱ्या, विकून वेणूबाई पागधरेंनी घर चालवलं, त्या शिंपल्या चिखलातच मेल्या. पुढच्या वेळी काय करायचं हे ठरवायला सभा भरली. तेल अडवायला झालेल्या उशिराचा वेणूबाईंनी जाब विचारताच सभेला आलेले सरकारी मोठे साहेब गुरकावले, "बंदर एका खात्याचं, खाडी दुसऱ्याचं, कांदळवन आणखी कुणाचं! सगळ्यांना एकत्र आणायला वेळ लागणारच."

"मग साहेब, त्या तेलालाच प्रमुख नेमा," वेणूबाई म्हणाल्या. "एका भरतीत ते तिन्हीकडे जाऊन आलं. कुणाच्या हद्दीपाशी अडलं नाही."

सभा हसली. साहेब वरमले, आणि तिन्ही खात्यांवर एकच प्रमुख तिथल्या तिथे ठरला. वेणूबाई मात्र हसल्या नाहीत. परतताना त्या सवयीने खाडीत उतरल्या, चिखल चाचपला, आणि काळा झालेला रिकामा हात बघत उभ्या राहिल्या.